माशी कोणत्या खात्याची?

भारतीय वन अधिनियम, १९२७. कलम २, उपकलम ४. 'वनोपज' म्हणजे काय, याची व्याख्या इथे आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागातल्या वस्तू कुठेही सापडल्या तरी वनोपजच: इमारती लाकूड, कोळसा, राळ, लाख, मोहाची फुलं, हिरडा. म्हणजे अकोले तालुक्यात एखाद्याच्या स्वतःच्या बांधावर हिरड्याचं झाड असलं, तरी त्याची फळं कायद्याच्या नजरेत वनोपज. दुसऱ्या भागातल्या वस्तू मात्र जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या तरच वनोपज ठरतात. कातडी, सुळे, शिंगं, हाडं, रेशीम, कोष... आणि याच रांगेत मध आणि मेण.

आता गंमत बघा. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी एका घराच्या पडवीत मधमाश्यांची पेटी ठेवली आहे. माश्या उडून जंगलात जातात, कारवीच्या फुलांवर बसतात, मकरंद घेऊन पडवीत परत येतात. हा मध 'जंगलातून आणलेला' म्हणायचा का? आणणारी तर माशी. तिच्याकडे ना परवाना, ना वाहतूक पास.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. व्याख्येत फट दिसली की तिथे बोट घालून बघायची सवय लागलेली असते. ही फट मला पहिल्यांदा नुसती मजेशीर वाटली होती. नंतर मधमाशीसाठी झालेले कायदे, मंडळं आणि योजना एकामागून एक वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की शंभरेक वर्षं सगळ्यांचा हात मधाच्या बरणीत आहे. माशी दिवसभर कुठे जाते, काय करते, तिला काय लागतं, हे कोणाच्याच खात्यात येत नाही.

या भानगडीत मी पडलो मामांमुळे. राहुरी तालुक्यात मुळा कालव्यावर त्यांची शेती आहे आणि त्यातला एक तुकडा दरवर्षी कांद्याच्या बियांसाठी असतो. दिवाळीच्या सुमारास निवडक कांदे लावायचे, जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना डोंगळे येतात, म्हणजे उंच पोकळ दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोल गेंद. उन्हाळा लागता लागता त्यात काळं बी तयार होतं. बियांचा भाव चांगला असतो, पण गेली काही वर्षं मामांच्या डोंगळ्यांत बी भरत नव्हतं. गेंद मोठे, हातात चोळले की फोलपटंच जास्त. "तू कॉम्प्युटरवर बघ की," मामा फोनवर म्हणाले, "माश्या कुठं भाड्यानं मिळत्यात का."

कांद्याला माशी का लागते, हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका गेंदात शेकडो बारीक फुलं असतात आणि ती दोन-चार आठवडे पुढेमागे उमलत राहतात. प्रत्येक फुलात आधी पुंकेसर पिकतात, पराग झडतो, आणि त्यानंतर त्याच फुलाची कुक्षी पराग घ्यायला तयार होते. स्वतःचा पराग स्वतःला उपयोगी पडायची वेळच जुळत नाही. पराग चिकट, त्यामुळे वाऱ्याचाही फारसा उपयोग नाही. कोणीतरी या फुलावरून त्या फुलावर जायलाच हवं. त्यात आणखी एक गोची आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम भरपूर असतं आणि माश्यांना ते फारसं रुचत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या संशोधकांनी १९७२ सालीच हे दाखवलं होतं. शेजारी मोहरी किंवा सूर्यफूल फुललेलं असलं की माश्या कांद्याला सोडून तिकडे जातात. म्हणून डोंगळ्यांच्या शेतात माश्या 'असून' भागत नाही, भरपूर असाव्या लागतात.

मामांच्या आठवणीत त्या भरपूर होत्या. बोरीच्या जाळीत फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं, वडावर आग्याचं मोहोळ. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. त्यामुळे त्याचा हिशेबही कोणी ठेवला नाही.

आपला जिल्हा (अहमदनगर म्हणा, ऑक्टोबर २०२४पासून अहिल्यानगर म्हणा, घरी आम्ही नुसतं 'नगर' म्हणतो) माश्यांच्या दृष्टीने दोन वेगळे देश आहेत. पश्चिमेला अकोल्याचा डोंगरी भाग: भंडारदरा, रतनगड, कळसूबाई, धो धो पाऊस, हिरडा, जांभूळ, काही वर्षांनी एकदाच पण एकदम फुलणारी कारवी. पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे पर्जन्यछायेतला माळ. मधल्या पट्ट्यात कालवे, ऊस, कांदा, डाळिंब. मधमाशीच्या राजकारणाचा पहिला अंक पश्चिमेत घडला.

अकोल्यातले महादेव कोळी आणि ठाकर यांना माश्यांची जात उडण्यावरून कळते. आग्या कड्याला किंवा उंच झाडाला एकच भलंमोठं उघडं पोळं बांधते, अंगावर आली तर जीव घेते, आणि पेटीत राहत नाही. फुलोरीसुद्धा एकच पोळं बांधते, पण चिमुकलं. पोया नावाची बारकी माशी डंखच मारत नाही. आणि सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक समांतर पोळी लावते. सरकारी अर्थाने 'पाळीव' होऊ शकली ती ही सातेरी, कारण अंधार आणि समांतर पोळी या दोन्ही गोष्टी लाकडी पेटीत देता येतात.

पारंपरिक पद्धत म्हणजे धूर करायचा, पोळं कापायचं आणि पिळायचं. मधाबरोबर अळ्या, पराग, मेण सगळं एकत्र येतं आणि घर मोडतं. एक किलो मेण करायला माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, त्यामुळे मोडलेलं पोळं ही त्यांच्यासाठी फार मोठी उधारी असते. ब्रिटिशांच्या वन कायद्यांनी या पद्धतीवर बोट ठेवलं नाही. त्यांनी जंगल राखीव केलं आणि त्यातला मध सरकारी यादीत टाकला. माश्या जगाव्यात हा हेतू त्यात शोधून सापडत नाही. मध कोणाचा, एवढाच प्रश्न होता. तो प्रश्न उलटायला २००६ उजाडावं लागलं. वनहक्क कायद्याने मध गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. या कायद्यातल्या व्याख्येत मात्र मध 'वनस्पतीजन्य' गौण वनोपजांच्या यादीत बसला आहे, टसर आणि लाखेसोबत. १९२७ साली मध प्राण्यांच्या हाडांशेजारी होता, २००६ साली बांबूशेजारी आला. बदल चांगलाच झाला, पण माशी दोन्ही याद्यांतून उडून गेली.

दुसरा अंक पेटीचा, आणि इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हे निखळ इंजिनिअरिंग आहे.

१८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पेटीत दोन पृष्ठभागांमध्ये साधारण ६ ते ९ मिलिमीटर जागा सोडली, तर माश्या ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. जागा त्याहून कमी असली तर डिंकासारख्या राळेने बुजवतात, जास्त असली तर तिथे पोळं बांधतात. बस, एवढंच. पण या मोजक्या मिलिमीटरांमुळे पोळं लाकडी चौकटीत उभं करता आलं, चौकट न तोडता बाहेर काढता आली, यंत्रात गरागरा फिरवून मध काढून रिकामं पोळं परत माश्यांना देता आलं. घर न मोडता भाडं वसूल.

हिंदुस्थानात १८८०च्या दशकात बंगालमध्ये डग्लस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे प्रयोग केले आणि १८८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पण युरोपी माशीच्या मापाची पेटी आपल्या लहान माशीला घोळदार व्हायची. दक्षिणेत फादर न्यूटन या धर्मगुरूंनी १९१०च्या दशकात आपल्या माशीच्या अंगाची छोटी पेटी केली. ती आजही 'न्यूटन पेटी' म्हणून चालते. १९२८ साली शाही कृषी आयोगाने शेतीला जोडधंदा म्हणून मधमाशीपालनाची शिफारस केली. आणि डिसेंबर १९३४मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, ज्याची धुरा जे. सी. कुमारप्पांकडे होती. तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्यासोबत मधमाशी त्या घरात राहायला आली.

हा क्षण महत्त्वाचा आहे. गांधी-कुमारप्पांच्या दृष्टीने ते अगदी सुसंगत होतं: भांडवल कमी, अहिंसक पद्धत, गावातच होणारं पोषक अन्न. पण त्या दिवसापासून मधमाशी सरकारी भाषेत 'उद्योग' झाली, आणि उद्योगाचं मोजमाप उत्पादनात होतं. किती पेट्या, किती किलो मध. घाणीचं तेल मोजावं तसं.

महाराष्ट्रात हा वारसा महाबळेश्वराला पोचला. १९४६ साली मुंबई इलाख्याच्या ग्रामोद्योग समितीने तिथे मधमाशीपालनाचं काम सुरू केलं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं आजचं मध संचालनालय त्याचंच पुढचं रूप. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा, आणि काही वर्षांच्या चक्राने फुलणाऱ्या कारवी-व्हायटी, असा सातेरीचा भरलेला ताट तिथे होता. पावसाळ्यात मात्र महिनोन्‌महिने माश्यांना बाहेर पडता येत नाही, मग साखरेचा पाक द्यायचा. शिकवायचं, पेट्या द्यायच्या, मध विकत घ्यायचा: ही तिहेरी सेवा महाबळेश्वरने उभी केली. तिथल्या मध उत्पादकांची सहकारी संस्था 'मधुसागर' आजही चालू आहे आणि १६ मे २०२२ रोजी त्याच तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. ज्यांना सरकारी योजना म्हटलं की हसू येतं, त्यांनी एकदा मांघरला जाऊन यावं.

महाबळेश्वरलाच १९५२च्या सुमारास डॉ. जी. बी. देवडीकर या वनस्पतीशास्त्रज्ञांनी माश्यांवर प्रयोगशाळा उभी केली. पुण्यात आघारकरांनी स्थापन केलेल्या विज्ञानवर्धिनीतले ते संशोधक. त्यातूनच पुढे १९६२ साली खादी आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था काढली. देवडीकर वनस्पतींच्या बाजूने माशीकडे आले होते, आणि मला वाटतं, म्हणूनच त्यांना बरणीपलीकडचं दिसलं. १९७७ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी एम. सी. सूर्यनारायण यांनी भारतातलं शेती उत्पादन वाढवण्यासाठी परागीभवन या विषयावर सविस्तर लिहिलं. पुण्यात, गणेशखिंड रस्त्यावरच्या संस्थेत बसलेली माणसं सांगत होती की माशीची खरी मिळकत शेतात आहे. पण त्यांची संस्था होती खादी आयोगाची. शेतकऱ्याला सल्ला देणारं कृषी खातं वेगळं, त्याची विद्यापीठं वेगळी. आमच्या राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालीच सुरू झालेलं. बसवंत-७८०, फुले समर्थ अशा कांद्याच्या जाती तिथल्याच. राहुरी ते गणेशखिंड अंतर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, पण फाइलीच्या रस्त्याने मोजलं तर कितीतरी लांब. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने मधमाश्यांचा स्वतःचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प सुरू केला तो १९८०-८१मध्ये, खादीवाल्यांनंतर अठरा वर्षांनी.

मधल्या काळात उत्तरेत वेगळीच गोष्ट घडली. पंजाब कृषी विद्यापीठाच्या डॉ. अटवाल यांनी १९६२ ते १९६४ दरम्यान हिमाचलमधल्या नगरोटा बगवान इथे युरोपी मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजवली. ती मोठी वसाहत करते, मध जास्त देते आणि ट्रकमधून फिरायला तिची हरकत नसते. मोहरी संपली की सूर्यफूल, सूर्यफूल संपलं की आणखी काही, असा पेट्यांचा प्रवास सुरू झाला. सातेरी डोंगराची, मेलिफेरा मैदानाची, अशी ढोबळ वाटणी झाली. नगरच्या दृष्टीने सांगायचं तर महाबळेश्वरचा धडा अकोल्याला लागू पडत होता. राहुरी, नेवासा, पारनेरच्या कांद्याला मेलिफेरा आणि तिची फिरती पेटी हवी होती, आणि ती शिकवणारं घर महाबळेश्वर नव्हतं.

सरकारी कागदावर 'परागीभवन' हा शब्द मधमाशीच्या नावापुढे ठळकपणे आला तो २००५-०६ साली, राष्ट्रीय फलोत्पादन अभियानात. परागीभवनासाठी मधमाशीपालन असा स्वतंत्र घटकच त्यात होता. २०१४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वसाहती आणि पेट्यांच्या खर्चावर ४० टक्के मदत, एका लाभार्थ्याला जास्तीत जास्त ५० वसाहती. शब्द बदलला, पण मदत पुन्हा पेटी विकत घेण्यालाच होती.

इथे मामांच्या फोनकडे येतो. मी शोधाशोध केली तेव्हा सगळ्यात आधी समोर आली ती राज्य खादी मंडळाची मधकेंद्र योजना. दरवर्षी तिची आवाहनं वर्तमानपत्रांत येतात. ५० टक्के अनुदान, ५० टक्के स्वतःची गुंतवणूक, प्रशिक्षण, आणि तयार मधाची हमीभावाने खरेदी. (कांदेवाल्याला विचारा 'हमीभावाने खरेदी' या शब्दांची किंमत. मामा ते ऐकून दोन मिनिटं गप्प होते.) लाभार्थी तीन प्रकारचे. वैयक्तिक मधपाळ: साक्षर हवा, वय १८च्या पुढे, स्वतःची शेती असल्यास प्राधान्य. केंद्रचालक प्रगतीशील मधपाळ: किमान दहावी पास, वय २१च्या पुढे, किमान एक एकर जमीन. केंद्रचालक संस्था: एक हजार चौरस फुटांची इमारत आणि एक एकर जमीन. निवड झाली की व्यवसाय सुरू करण्याबद्दल मंडळाला बंधपत्र लिहून द्यायचं. ज्याला मधपाळ व्हायचं आहे त्याच्यासाठी ही योजना खरंच चांगली आहे, अकोल्यातल्या एखाद्या तरुणाने तर डोळे झाकून अर्ज करावा.

पण मामांना मधपाळ व्हायचं नव्हतं. त्यांना चार आठवड्यांसाठी माश्या हव्या होत्या. तेवढ्यासाठी कुठलाच अर्ज नव्हता. ट्रॅक्टर भाड्याने घ्यायला कृषी खात्याची अवजार बँक आहे. परागीभवन भाड्याने घ्यायला काही नाही.

केंद्राच्या पातळीवर गोष्टी गेल्या काही वर्षांत झपाट्याने हलल्या. राष्ट्रीय मधमाशी मंडळ २००० साली नोंदवलं गेलं होतं. १५ मे २०२० रोजी, लॉकडाउनच्या मधोमध, अर्थमंत्र्यांनी मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपये जाहीर केले. त्यातून राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान उभं राहिलं. एप्रिल २०२१मध्ये मंडळाने इंडियन बँकेच्या तांत्रिक मदतीने 'मधुक्रांती' पोर्टल काढलं. त्यात मधपाळाची नोंदणी होते आणि हेतू असा की बरणीतला मध कोणाच्या पेटीतून आला, त्याचा माग लागावा. त्याची गरजही होती. डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचा मध तपासला तेव्हा सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण झाले फक्त ३. तांदळापासून केलेला साखरेचा पाक नेहमीच्या चाचण्यांना सहज चकवत होता. भेसळीच्या मधाने भाव पडतात आणि खरा मधपाळ मरतो, म्हणून हा माग लागणं त्याच्याच फायद्याचं आहे.

तरीही डेटाबेस बांधणारा माणूस म्हणून एक गोष्ट खटकते. कुठलंही टेबल करताना पहिला प्रश्न असतो, एक ओळ म्हणजे कशाची नोंद? इथे ती मधाची आहे. मधाला किलो आहे, बिल आहे, नमुना आहे. डोंगळ्यात भरलेल्या बियाला माशीचं बिल लागत नाही, त्यामुळे ते काम कुठल्याच टेबलात नाही, आणि जे टेबलात नाही त्याचं नुकसानही होत नाही.

नुकसान कसं होतं तेही ऐका. कांद्यावर फुलकिडे येतात, त्यांच्यासाठी फवारणी होते, आणि बऱ्याचदा ऐन फुलोऱ्यात, सकाळी, माश्या कामावर असताना होते. औषधाच्या बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे तो रंग ठरतो प्रयोगातल्या सस्तन प्राण्याला किती मिलिग्रॅममध्ये मरण येतं त्यावरून. म्हणजे तो त्रिकोण फवारणाऱ्यासाठी आहे. माश्यांसाठी त्याचा काहीच अर्थ नाही. कमी विषारी रंगाची बाटलीसुद्धा अख्खी वसाहत संपवू शकते. काही औषधांच्या आतल्या घडीपत्रकात मधमाश्यांबद्दल एक ओळ असते. मुंगीच्या अक्षरात छापलेली ती ओळ बांधावर उभं राहून कोण वाचतं?

मे २०२०च्या त्याच आठवड्यात एक योगायोग घडला होता. ५०० कोटींच्या घोषणेच्या आदल्या दिवशी, १४ मे रोजी, केंद्रीय कृषी मंत्रालयाने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत मधमाश्यांना होणारा अपाय हेही कारण दिलेलं होतं. एकाच सरकारने लागोपाठच्या दोन दिवसांत माशीला अन्न दिलं आणि तिचं विष काढून घ्यायचंही ठरवलं, असं वाटलं. सप्टेंबर २०२३च्या अंतिम आदेशात सरसकट बंदी आली ती मोजक्याच औषधांवर. आणखी काहींना ठरावीक पिकांपुरती मर्यादा पडली. ५०० कोटींच्या अभियानाला मात्र मुदतवाढ मिळाली.

दुसरीकडे हे कसं करतात? जर्मनीत १९९२पासून मधमाशी संरक्षणाचा नियमच आहे: माश्यांना घातक औषध फुलोऱ्यातल्या पिकावर मारायचं नाही, आणि पेट्यांपासून ६० मीटरच्या आत, माश्या उडत असताना, मधपाळाच्या संमतीशिवाय मारायचं नाही. (जर्मनांना माशीच्या कायद्याची हौसच आहे. त्यांच्या नागरी संहितेत उडून गेलेल्या थव्याचा पाठलाग करत शेजाऱ्याच्या जमिनीत शिरायचा हक्क मालकाला दिला आहे. पाठलाग सोडला तर थवा बेवारस.) कॅलिफोर्नियात बदामाच्या बागांसाठी लाखो पेट्या येतात. तिथे माश्यांना विषारी औषध मारणाऱ्याने मैलभराच्या आतल्या, तशी मागणी नोंदवलेल्या मधपाळांना ४८ तास आधी कळवायचं असतं. दोन्ही नियमांत मधाचा उल्लेख करायची वेळच येत नाही. पेटी कुठे आहे आणि फवारा कधी आहे, एवढीच माहिती दोन माणसांमध्ये पोचवायची आहे. आपल्याकडे गावागावांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, पीक पाहणी मोबाइलवर होते. हे काम तंत्रज्ञानाच्या अंगाने एका विद्यार्थ्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टएवढं आहे. अडलंय ते कोणत्या खात्याने करायचं यावर. खादी आयोग सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयात, मधमाशी मंडळ कृषीत, जंगलातला मध आदिवासी विकासात, बरणीतला मध अन्नसुरक्षेत. आणि कीटकनाशकंही कृषीतच, फक्त दुसऱ्या दालनात.

मामांना शेवटी माश्या मिळाल्या, कुठल्याही योजनेशिवाय. ओळखीतून एक फिरता मधपाळ सापडला, जो डाळिंबाच्या बागांना पेट्या देतो. रात्री, सगळ्या माश्या घरी आल्यावर, दारं बंद करून पिकअपमधून त्याने मेलिफेराच्या पेट्या आणल्या आणि डोंगळ्यांच्या कडेला मांडल्या. त्याने पहिला प्रश्न विचारला तो शेजाऱ्यांबद्दल. मेलिफेरा दोन-तीन किलोमीटरपर्यंत सहज जाते, त्यामुळे एकट्या मामांनी फवारणी थांबवून काही होणार नव्हतं. शेजारच्या बांधावर एकाशी मामांचं पाण्याच्या पाळीवरून जुनं वाकडं. त्याच्या दारात जाऊन बसावं लागलं, चहा प्यावा लागला. त्याच्याही शेतात बियांचे कांदे होते, म्हणून जमलं. नसते तर काय, हे मी मामांना विचारलं नाही.

मधपाळाने फुलस्केपवर करार लिहून घेतला. त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. पेट्या किती, भाडं किती, अर्धं आधी, अर्धं पेट्या उचलताना. शेतात पाण्याचं भांडं भरलेलं ठेवायचं. फुलोरा संपेपर्यंत आजूबाजूच्या चार गटांत फवारणी करायची तर सूर्य मावळल्यावर, आणि आदल्या दिवशी फोन करून. औषधाने माश्या मेल्या तर पेटीची भरपाई शेतकऱ्याने द्यायची. खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून त्या शेजाऱ्याची. मधाचा उल्लेख अगदी शेवटी, नंतर आठवल्यासारखा, वेगळ्या शाईत आहे: निघाला तर मधपाळाचा.